काटा खोटं बोलला तरी चालेल, पण रोज एकच खोटं

रत्नागिरीच्या बाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या टेबलावर आता मी बसते. मनगटी घड्याळांचे सेल बदलून पोट भरतं, आणि हौस म्हणून मी जुने लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारी यंत्रं, उघडते. फिल्मचा नाद नव्याने लागलेली पोरं आजोबांच्या कपाटात सापडलेला मीटर घेऊन येतात. काउंटरवर ठेवताना सगळ्यांचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, काटा हलतोय, म्हणजे चालू आहे ना?"

काटा हलला म्हणजे मीटर जिवंत आहे एवढंच कळतं. तो कामाचा आहे का, हे त्यावरून ठरत नाही. माझी कसोटी वेगळी आहे. मीटर चुकला तरी चालतं, पण चूक रोज तेवढीच हवी. कायम एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) कमी दाखवणारा मीटर मी बिनधास्त वापरते. आज अर्धा, उद्या दीड स्टॉप चुकणारा मीटर कितीही देखणा असला तरी शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा. घेताना, तपासताना, उघडताना, पावसाळ्यात जपताना शोधायचं ते एवढंच: चूक स्थिर आहे की भटकी?

जात ओळखा

जुने हातातले मीटर ढोबळमानाने तीन जातींचे. ज्यांना बॅटरीच लागत नाही ते सेलेनियमचे, म्हणजे उजेड टिपणारा सेल सेलेनियमचा असलेले. वेस्टन मास्टर, सेकॉनिक एल-३९८, गोसेनचा सिक्स्टोमॅट, रशियन लेनिनग्राड हे सगळे याच घराण्यातले. पुढे खळगेदार काच किंवा पांढरा अर्धगोल डोम दिसला आणि बॅटरीचं झाकण कुठेच नसलं, की समजायचं. एल-३९८ च्या पुढे 'ए' लिहिलेलं असेल तर तो नंतरचा, त्यात सेलेनियमऐवजी अमॉर्फस सिलिकॉनचा सेल असतो. बॅटरीही लागत नाही आणि सेलेनियमची दुखणीही नाहीत.

दुसरी जात कॅडमियम सल्फाइडची, म्हणजे सीडीएस. गोसेनचा लुनासिक्स ३ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. याला बॅटरी लागते, आणि नेमकी तीच बॅटरी आता मिळत नाही. त्याकडे पुढे येते. तिसरी जात सिलिकॉन सेलची, मिनोल्टाच्या ऑटोमीटरसारखी. हे मीटर बहुतेक नीटच असतात. बिघडलेच तर आतली सर्किटं माझ्यासारखीच्या टेबलावर सुधारत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

सेलेनियमचा सेल म्हणजे धातूची एक पत्री, तिच्यावर सेलेनियमचा पातळ थर, त्यावर प्रकाश आरपार जाईल इतका तलम वाहक थर, आणि कडेने वीज गोळा करणारी कडी. उजेड पडला की यातून थोडे मायक्रोअँपिअर निघतात आणि ते थेट काट्याच्या कॉइलमध्ये जातात. मध्ये वीज वाढवणारं काहीच नाही. काटा ढकलण्याची सगळी ताकद त्या उजेडाचीच. म्हणून कडीच्या जोडावर जरासा गंज चढला, किंवा काट्याच्या वाटेत धुळीचा कण आला, की आकडा लगेच घसरतो.

सेलेनियम वापरून वापरून संपतो, असा एक समज आहे. मीटर कायम डबीत ठेवायचे, उजेड लागला की त्याचं आयुष्य खर्च होतं, वगैरे. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या सेलांना उजेडाने मारलेलं नसतं. त्यांना मारते ती ओल. कडेने दमटपणा शिरतो, वरचा तलम थर सुटतो, जोड खराब होतो. आमच्या किनाऱ्यावर खारा वारा बारा महिने घरात फिरत असतो. त्यामुळे जुना मीटर विकत घेताना तो किती वर्षांचा आहे यापेक्षा तो कुठल्या गावात राहिला, हे मी आधी विचारते.

विकत घेताना आणि घरी आल्यावर

मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओत मीटर हातात आला, की दोन मिनिटांत चार गोष्टी होतात. सेल जाड काळ्या कापडाने पूर्ण झाका. काटा शून्यावर यायला हवा. थोडा मागेपुढे असेल तर हरकत नाही, शून्य जुळवायचा छोटा स्क्रू बहुतेक मीटरांना बाहेरच असतो. मग झाकलेल्याच अवस्थेत मीटर आडवा धरा, उभा धरा, उलटा करा. काट्याने जागा फारशी सोडता कामा नये. उभा धरल्यावर काटा शून्याखाली आणि आडवा धरल्यावर वर जात असेल, तर तोल बिघडलेला आहे किंवा आतली केसासारखी स्प्रिंग वाकलेली आहे. असा मीटर स्वस्तात मिळाला तरी नको.

त्यानंतर कापड हळूहळू बाजूला करा. काटा सरकत जायला हवा. मध्येच थबकून पुढे उडी मारत असेल तर आत काहीतरी अडकतंय. हे दुरुस्त होतं, त्यामुळे भाव पाडायला उपयोगी. शेवटी स्थिर उजेडात मीटर अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. काटा झटकन वर जाऊन मग डोळ्यांदेखत खाली बसत असेल, तर सेल थकलेला आहे. ही झाली भटकी चूक. दुकानदार म्हणेल, "थोडा वेळ उन्हात ठेवा, ठीक होईल." नाही होत.

घरी आणल्यावर खरी परीक्षा रात्री खळ्यात घ्यायची. खोलीत नको, कारण भिंतींवरून उजेड परत येतो आणि गणित फसतं. एक साधा, शेड नसलेला बल्ब टांगा. सुतळीला बल्बच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर, ५० सेंटिमीटर आणि १ मीटरवर गाठी मारा. प्रत्येक गाठीला मीटरचा डोम बल्बकडे करून आकडा वाचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा होतो, म्हणजे बरोबर दोन स्टॉप उतरतो. २५ वरून ५० ला दोन स्टॉप, ५० वरून मीटरभर अंतरावर आणखी दोन. मधल्या एकेका स्टॉपसाठी ३५ आणि ७० वर गाठ मारा. काटा प्रत्येक गाठीला तेवढाच उतरला तर सेल सरळ आहे. सगळीकडे सारखाच कमी दाखवत असला तरी उत्तम. पण जवळच्या गाठींना बरोबर आणि लांबच्या गाठीला अचानक ढेपाळला, तर तो मीटर फक्त उन्हात वापरायचा. तसंच लक्षात ठेवा, हे फेकण्याचं कारण नाही.

किती कमी-जास्त दाखवतो हे मोजायला सूर्यासारखं फुकटचं प्रमाण दुसरं नाही. निरभ्र आकाशात, आयएसओ १०० च्या (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) फिल्मला, समोरून ऊन पडलेल्या वस्तूचं एक्स्पोजर एफ १६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि १/१२५ सेकंदाच्या आसपास येतं. ईव्हीच्या, म्हणजे छिद्र आणि वेळ मिळून होणाऱ्या एकाच आकड्याच्या भाषेत १५. पण आमच्याकडे हे कधीही करून चालत नाही. दिवाळी उलटल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा. तेव्हा आकाश धुतलेलं असतं, आणि डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण पन्नास अंशांवर असल्याने डोमवर ऊन नीट पडतं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरीत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. उभ्या धरलेल्या डोमच्या अर्ध्याच भागाला तेव्हा ऊन लागतं, आकडा एखादा स्टॉप खाली येतो, आणि माणूस उगाच मीटरला दोष देतो. ऐन पावसाळ्यातल्या उघडिपीवरही भरवसा नको. ऊन स्वच्छ वाटतं, पण ढगांच्या पांढऱ्या कडा त्यात भर घालतात.

सूर्य पाठीशी ठेवा, डोम कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे सूर्याच्या बाजूला करा आणि वाचा. डोम नसलेला मीटर असेल तर त्याच उन्हात ग्रे कार्ड (मधल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून त्यावरून वाचा. एफ १६ ऐवजी एफ ११ आला, तर मीटर एक स्टॉप कमी उजेड पाहतो आहे. मग रोल ४०० चा असेल तर डायलवर ८०० लावायचं, संपलं. मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून 'दुप्पट लाव' एवढं लिहून ठेवते. डिजिटल कॅमेरा असेल तर सावलीतल्या एकसारख्या भिंतीवर त्याच्याशीही ताडून बघा. मोबाइलवरचं ॲपही चालेल, मात्र त्याचा कॅमेरा किती रुंद बघतो ते ध्यानात घ्या.

डायलवरचे आकडे वाचतानाही एक ठेच लागते. जुन्या वेस्टनवर, मास्टर टू आणि त्याच्या आधीच्यांवर, फिल्मचे आकडे वेस्टनचे स्वतःचे आहेत. ते एएसएपेक्षा (आयएसओच्या आकड्याचं जुनं नाव) एक तृतीयांश स्टॉपने कमी पडतात. १०० च्या फिल्मला ८० लावायचं, ४०० ला ३२०. जर्मन मीटरांवर डीन हे तिकडचं माप असतं. २१ डीन म्हणजे १००, आणि दर तीन अंकांना एक स्टॉप, त्यामुळे २४ म्हणजे २००, २७ म्हणजे ४००. रशियन मीटरांवरचे गोस्तचे आकडे एएसएच्या इतके जवळ आहेत, की जवळचा आकडा लावून पुढे चला.

उघडायची वेळ आली तर

आधी बाहेरून करण्यासारखं सगळं करा. सेकॉनिकचा डोम पिवळा पडला असेल तर साध्या साबणाच्या पाण्याने बोटांनी धुवा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं औषध लावलंत तर डोम पांढुरका होऊन बसेल. डायलच्या खाचांतला मळ मऊ ब्रशने काढा. आणि काटा अचानक वेड्यासारखा वागायला लागला तर विचार करा, नुकतीच प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने घासलीत का? प्लास्टिकवर साचलेली स्थिर वीज काट्याला ओढून धरते. खिडकीवर तोंडाची वाफ सोडा किंवा किंचित ओल्या कापडाने पुसा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले काही मीटर असेच फुंकरीने बरे होऊन गेले आहेत. त्याचे पैसे घेत नाही.

अडकणारा काटा मात्र उघडूनच सुटतो, आणि आमच्या गावात तो का अडकतो याचं एक खास कारण आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइटचे कण असतात. मॅग्नेटाइटला चुंबक ओढतो. मीटरच्या काट्याची कॉइल एका ताकदवान चुंबकाच्या फटीत फिरते. पिशवीच्या तळाशी वाळू, पिशवीत मीटर, आणि मीटरच्या झाकणाला बारीकशी फट, एवढं जुळलं की तो कण फिरत फिरत शेवटी त्याच फटीत जाऊन उभा राहतो. भिंगातून बघितलं तर चुंबकाच्या कडेला दाढीच्या खुंटासारखा ताठ उभा दिसतो. फुंकून जात नाही. ब्रशने एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो.

यासाठी मी माडाच्या झावळीचा हीर वापरते. चांगला वाळलेला, टोक कानशीने निमुळतं केलेलं. भिंतीवर पोस्टर लावायचा रबरी चिकटा मिळतो, त्याची मोहरीएवढी गोळी टोकाला लावायची, मळून अणकुचीदार करायची. भिंग डोळ्याला, मीटर उजेडाकडे तिरपा, काटा एका टोकाला नेऊन फट मोकळी केलेली. हीर फटीत सरळ उतरवायचा, कणाला टेकवायचा आणि आला त्याच वाटेने वर काढायचा. बाजूला ओढायचा नाही, कारण बाजूला कॉइल आहे. कण चिकट्यावर आला की गोळी फेकून नवी लावायची. एका मीटरमधून असे अनेक कण निघतात, घाई करू नका. आणि लोखंडी चिमटा टेबलावरसुद्धा ठेवू नका. चुंबक तो हातातून खेचतो आणि वाटेतला काटा चेपून टाकतो. माझे चिमटे पितळेचे आहेत. प्लास्टिकचा चालेल.

घड्याळवाल्यांना एक सूचना, कारण आपले हात तेलाच्या डबीकडे आपोआप जातात. मीटरच्या चुळांना, म्हणजे काट्याच्या आसाच्या टोकांना, तेल घालायचं नाही. त्या खड्यांच्या बेअरिंगमध्ये कोरड्याच फिरतात. तेल पडलं की धूळ बसते, काटा आळशी होतो, आणि ते तेल पुन्हा काढणं हे आठवड्याचं काम होऊन बसतं.

काटा मोकळा आहे पण आकडा कमी आणि डळमळीत, असं असेल तर सेलचे जोड बघा. सेलला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पत्रीवर काळपट किंवा हिरवट थर असतो. पत्री पेन्सिलच्या खोडरबराने अलगद घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, कोरडी करा. सेलच्या पुढच्या बाजूला हात लावू नका. तो तलम थर रुमालानेसुद्धा निघतो. सेलवर डाग देऊ नका, सोल्डरिंगच्या उष्णतेने तो जातो. खरवडू तर अजिबात नका. सेलेनियम विषारी आहे, त्याची भुकटी नाकातोंडात जायला नको. फुटलेला सेल हाताळलात तर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका.

मल्टिमीटर असेल तर सेल सुटा करून मायक्रोअँपिअरच्या रेंजवर उन्हात धरा. सेल चांगला असेल तर आकडा ठणठणीत येतो आणि स्थिर राहतो. येऊन घसरायला लागला तर सेलच गेला आहे. त्याजागी छोटा सिलिकॉन सेल आणि एक रेझिस्टर बसवून काटा चालवता येतो, मी केलंय. पण सिलिकॉनला डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेडही दिसतो. त्यामुळे तो मीटर उन्हात आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली वेगवेगळं बोलतो. पुन्हा भटकी चूक. नुसत्या उन्हात काम असेल तरच हा उद्योग करा.

बॅटरीचं दुखणं

लुनासिक्स ३ ला दोन पीएक्स ६२५ लागायच्या, पाऱ्याच्या, प्रत्येकी १.३५ व्होल्ट. पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या हे चांगलंच झालं, पण हा मीटर त्या १.३५ वर बेतलेला आहे. त्याच मापाची अल्कलाइन बॅटरी बसते, पण ती १.५ ला सुरू होते आणि वापराबरोबर उतरत जाते. म्हणजे पहिल्या महिन्यात एक चूक आणि तिसऱ्या महिन्यात दुसरी. माझ्या लेखी यापेक्षा वाईट काही नाही.

सोपा उपाय कानाच्या मशीनची झिंक-एअर बॅटरी, ६७५ नंबरची, निळ्या पट्टीची. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळते. व्होल्टेज पाऱ्याच्या अगदी जवळचं आणि शेवटपर्यंत जवळपास सपाट. ती ६२५ पेक्षा अरुंद असते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून नळाची रबरी ओ-रिंग आणून भोवती बसवा. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्या, मगच आत घाला. एकदा पट्टी निघाली की ती काही आठवड्यांची सोबती, मीटर वापरा की नका वापरू. ज्यांना हे सारखं बदलणं नको, त्यांनी १.५५ ची सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी आणि मध्ये एक छोटा शॉटकी डायोड असं अडॅप्टर करावं. व्होल्टेज थोडं उतरतं आणि तिथेच राहतं. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी उन्हाची परीक्षा पुन्हा घ्या.

आधीची बॅटरी आत गळलेली असेल तर पांढरा थर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने विरघळवा, मग अल्कोहोलने पुसा. घरात आगळ भरपूर आहे म्हणून कोकमाचं आगळ लावणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. आंबट आहे हे खरं, पण त्यात मीठ असतं हो! पितळेची पट्टी खाऊन टाकली.

पांढरा समुद्र, काळा समुद्र

आता वापराकडे. मीटर नीट झाला तरी त्याला काय विचारताय हे कळलं नाही तर सगळं फुकट. हे शिकायला रत्नागिरीसारखं गाव नाही, कारण इथे एकाच गावात दोन रंगांचे किनारे आहेत. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. दोन्ही नावं वाळूवरून पडलेली.

निरभ्र दुपारी वस्तूवरून परावर्तित होणारा उजेड मोजणारा मीटर, उदाहरणार्थ वेस्टन, आधी पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर धरा. मग रिक्षाने मांडवीला या आणि तिथल्या वाळूवर धरा. दीड-दोन स्टॉपचा फरक सहज पडतो. सूर्य तोच, आकाश तेच. मीटरला वाळू पांढरी की काळी हे माहीत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरूनच तो उत्तर देतो. त्याचं ऐकलं तर दोन्ही किनारे फोटोत एकाच मळकट रंगाचे येतात. पांढऱ्यावर एक ते दीड स्टॉप जास्त द्या, काळ्यावर एक कमी. वेस्टनच्या डायलवर याची सोय आहे. मुख्य बाणाच्या एका बाजूला ए आणि दुसऱ्या बाजूला सी. वाळूचा आकडा बाणाऐवजी सी समोर आणलात की एक्स्पोजर दुप्पट होतं, ए समोर आणलात की निम्मं. यू आणि ओ या टोकाच्या खुणा, त्यांच्या पलीकडचं फिल्मवर काळंठिक्कर किंवा पांढरंफटक.

सेकॉनिकला डोम लावून हाच फेरा करा. डोम वाळूकडे बघत नाही, तिच्यावर पडणारा उजेड मोजतो. दोन्ही किनाऱ्यांवर काटा जवळजवळ त्याच जागी येतो. पांढरी वाळू पांढरी, काळी काळी. म्हणून नवशिक्यांना मी डोमवालाच मीटर घ्यायला सांगते. वस्तूजवळ जा, डोम कॅमेऱ्याकडे करा, मधलं बटण दाबा, काटा स्थिरावला की सोडा. सोडलं की काटा तिथेच धरला जातो, मग निवांत डायल जुळवा. आमच्या उन्हात 'एच' लिहिलेली भोकांची पत्री खाचेत घालावीच लागते, नाहीतर काटा टोकाला जाऊन आपटतो. ही पत्री हरवलेले मीटर पुष्कळ फिरतात, घेताना ती आहे का विचारा. पत्री असेल तेव्हा डायलवरही एचच्या खुणेसमोर जुळवायचं.

वेस्टनवाल्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. मागचं बिजागरीचं झाकण ऊन असताना बंद, सावलीत काटा खाली बसला की उघडं. झाकणाबरोबर आकड्यांची पट्टीही आपोआप बदलते. दुसरं, हा मीटर रुंद बघतो. समुद्राकडे सरळ धरलात तर अर्ध्याहून जास्त आकाशच मोजलं जातं आणि होडीतली माणसं काळी येतात. नाक खाली करून धरा, किंवा होडीपाशी जाऊन वाचा. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे माशांच्या लिलावाच्या गर्दीत कुणापाशी जाऊन मीटर नाचवणं शक्य नसतं. तिथे मी आपल्याच तळहातावर, त्याच उजेडात धरून वाचते आणि एक स्टॉप जास्त देते. तुमच्या तळहाताचा हिशेब ग्रे कार्डाशी एकदा ताडून घ्या.

पावसाळ्यात ग्रे कार्डाचीही गरज नाही. लावणी होऊन हिरवंगार झालेलं भातशेत जवळजवळ मधल्या राखाडीइतकाच उजेड परत पाठवतं. जुना, शेवाळून काळा झालेला चिरा (जांभा दगड) मात्र फसवतो, त्यावर एक स्टॉप कमी. कौलारू देवळाच्या गाभाऱ्यात सेलेनियम बसूनच जातो. तिथे लुनासिक्स काढा. पण सीडीएसला आधीच्या उजेडाची आठवण राहते. बाहेरच्या उन्हातून आत आल्या आल्या वाचू नका, सभामंडपात टेकून दोन-चार मिनिटं थांबा.

मिरगाच्या आधी

मिरगाचा पाऊस लागायच्या आत सगळ्या मीटरांतल्या बॅटऱ्या काढा. चामड्याचं मूळ कव्हर वेगळं ठेवा. ते ओल धरतं, बुरशी आधी त्यालाच येते आणि तिथून मीटरला. विकणारा कव्हरसकट जास्त पैसे मागतो, द्या हवं तर, पण कव्हर कपाटाबाहेर.

मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल आणि हवेतली ओल मोजणारा स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली की पुरे. फार कोरडं करायच्या मागेही लागू नका. तांदूळ घालू नका. त्याने ओल फारशी जात नाही, तांदळाची पिठी मात्र फटींत शिरते. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचं मीठ असतं, ते पोटात जायच्या कामाचं नाही.

मधूनमधून, कोरड्या दुपारी, डबा उघडून काटे हलवून बघा. आणि ज्याचा सेल खरोखरच मेला आहे तो मीटरही टाकू नका. त्याची खळगेदार काच, डायल, बिजागरी, एचची पत्री, बारीक स्क्रू कुणाच्या तरी चालू मीटरला हवे असतात. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात अशा मेलेल्यांचेच भाग आहेत, आणि दुरुस्तीचे अर्धे मीटर त्या खणाच्या जोरावर घरी जातात. पाऱ्याच्या जुन्या बॅटऱ्या सापडल्या तर त्या तेवढ्या खाडीत किंवा कचऱ्यात भिरकावू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.